शाळेच्या फाटकावरचा फ्लेक्स आणि उरलेले दोनशे दिवस

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फाटकावर फ्लेक्स झळकतो. पासपोर्ट फोटोंची रांग, फोटोखाली गुण, कोपऱ्यात वर्गशिक्षक आणि केंद्रप्रमुख. त्यात गैर काही नाही. शेजारच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस रोज गावात येत असताना पट टिकवायचा तर गावाला काहीतरी दाखवावंच लागतं. पण फ्लेक्सवरच्या त्या सात मुलांना शाळेनं वर्षभर इतरांपेक्षा वेगळं काय शिकवलं, असं विचारलं तर उत्तर बहुतेक ठिकाणी एकच येतं: जादा तास. आणि जादा तासाला काय? सराव प्रश्नपत्रिका.

आपल्याकडे सरकारी शाळेतल्या हुशार मुलांचा विषय निघाला की तो परीक्षेपाशी सुरू होतो आणि परीक्षेपाशीच संपतो. परीक्षा मुलं निवडते, थोडे पैसे देते, काहींना निवासी शाळेत पाठवते. पहिली ते पाचवीला कायद्यानं वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरते. परीक्षेचा एक दिवस वजा केला तर बाकीचे दिवस ते मूल त्याच बाकावर, त्याच पुस्तकासमोर, त्याच गतीनं बसलेलं असतं. ही पोस्ट मुख्यतः त्या दिवसांबद्दल आहे. पण परीक्षांचा हिशेब आधी नीट मांडू, कारण तिथंही शाळा साध्या साध्या गोष्टींत मुलांचं नुकसान करतात.

तीन परीक्षा, तीन वेगळ्या गोष्टी

राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली होती. २०२५-२६ पासून ती पुन्हा चौथी-सातवीकडे वळली आहे. दोन पेपर. पहिल्यात प्रथम भाषा २५ प्रश्न आणि गणित ५०, दुसऱ्यात तृतीय भाषा २५ आणि बुद्धिमत्ता चाचणी ५०. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पात्र ठरायला प्रत्येक पेपरमध्ये स्वतंत्रपणे ४० टक्के, म्हणजे ६० गुण लागतात. एका पेपरात १२० आणि दुसऱ्यात ५८ मिळालेलं मूल अपात्र. आणि ‘पात्र’ म्हणजे ‘शिष्यवृत्तीधारक’ नव्हे. शिष्यवृत्ती ठरलेल्या संख्येइतक्याच मुलांना, गुणानुक्रमे. फ्लेक्सवर हा फरक सोयीनं पुसला जातो.

आठवीच्या पेपरांत आणखी एक खुबी होती: जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही गोल रंगवले तरच गुण. एक बरोबर पर्याय सापडला की पुढचे पर्याय न वाचणं, ही चलाख मुलांची सवय. तिनंच मुलांचे गुण घालवले. चारही पर्याय वाचायची शिस्त सरावातच लावावी लागते.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे सगळे जिला ‘एनएमएमएस’ म्हणतात ती, २००८ साली सुरू झाली. आठवीत परीक्षा, नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. देशात दरवर्षी एक लाख नवे विद्यार्थी, त्यात महाराष्ट्राचा कोटा ११,६८२. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातींना ५०. बौद्धिक क्षमता चाचणी ९० प्रश्नांची, शालेय क्षमता चाचणी ९० प्रश्नांची (विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५, गणित २०), प्रत्येकीला ९० मिनिटं. मिनिटाला एक प्रश्न. इथं वेग खरोखर मोजला जातो.

एनएमएमएसमध्ये परीक्षा पार केलेली मुलंही कागदांत गळतात. आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव जुळत नाही. कुठं वडिलांचं नाव मध्ये, कुठं आडनाव आधी. बँक खातं आधारला जोडलेलं नसतं. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि ते शाळेनं आणि जिल्ह्यानं अशा दोन पायऱ्यांवर तपासावं लागतं. मूल आठवीनंतर दुसऱ्या शाळेत गेलं की नव्या शाळेतल्या कुणाला त्याचा पत्ताच नसतो. दहावीत ६० टक्के मिळाले नाहीत तर अकरावी-बारावीची शिष्यवृत्ती बंद होते (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सवलत). आणि अकरावीला विनाअनुदानित महाविद्यालयात प्रवेश घेतला तरी बंद. ही शेवटची अट पालकांना जूनमध्ये कळते. ती आठवीच्या डिसेंबरात सांगायला हवी.

नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळांच्या प्रवेश परीक्षेची, तऱ्हा निराळी. १९८५-८६ साली देशात पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली, त्यातलं एक अमरावतीचं आणि दुसरं हरियाणातल्या झज्जरचं. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा, त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना, किमान एक तृतीयांश मुलींना. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. उणे गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. आणि ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेत गेलेली असावी लागतात. चौथीत वर्षभर मामाकडे शहरात शिकून आलेलं मूल इथं अडकतं.

नवोदयच्या पेपरचे निम्मे गुण मानसिक क्षमतेला आहेत आणि ते सगळे प्रश्न आकृत्यांचे आहेत. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद उघडल्यावर कसा दिसेल, लपलेली आकृती शोधा. असे दहा प्रकार, प्रत्येकाचे चार प्रश्न. त्यात भाषा जवळजवळ नाहीच. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच उपयोग करायचा आहे.

फॉर्म कुणाचा भरला जातो

शाळेत बाई विचारतात, “नवोदयला कोण कोण बसणार?” हात वर होतात ते ठरलेल्या मुलांचे: शिक्षकांची मुलं, पोलीस पाटलाची नात, थोरला भाऊ आधी बसला होता ती. शिवाय बाई स्वतः दोन-तीन नावं सुचवतात. ही नावं सहसा नीटनेटकं अक्षर असलेल्या, बोलक्या, गृहपाठ वेळेवर करणाऱ्या मुलांची असतात. त्यात बाईंचा दोष नाही. चांगला विद्यार्थी आणि हुशार मूल या दोन गोष्टी वर्गात एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

सुटतात ती मुलं साधारण अशी. घरी कोरकू, गोंडी, पावरी किंवा भिली बोलणारी, ज्यांचं मराठीच तिसरीपर्यंत तयार होत असतं. गणित तोंडी झटकन सांगणारं पण लिहिताना अक्षरं उलटसुलट करणारं मूल. अध्ययन अक्षमता आणि तीव्र बुद्धी एकत्र नांदू शकतात हे आपल्याकडे फारसं कुणी मानत नाही. उत्तर माहीत असून हात वर न करणाऱ्या मुली. काम संपवून शेजाऱ्याला त्रास देणारा, ज्याची पालकसभेत फक्त तक्रार होते. आणि ऊसतोड मजुरांची मुलं. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. एनएमएमएस साधारण डिसेंबरात, नवोदय हिवाळ्यात, शिष्यवृत्ती फेब्रुवारीत. हे मूल तेव्हा कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत, असतं. बुद्धी मोजायच्या सगळ्या तारखा नेमक्या त्याच्या गैरहजेरीत येतात. अशा मुलाचं नाव परीक्षेला घालायचं असेल तर दिवाळीआधीच घरी जाऊन त्याला आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायचं ठरवून घ्यावं लागतं. फॉर्म भरून भागत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या ब्रॉवर्ड काउंटीत हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर तपासून झालेला आहे. तिथल्या सरकारी शाळांत हुशार मुलांच्या विशेष वर्गासाठी मुलं शिक्षकांच्या नाहीतर पालकांच्या शिफारशीनं यायची. २००५-०६ पासून त्यांनी शिफारस बाजूला ठेवून दुसरीच्या सगळ्याच मुलांना आकृत्यांची एक छोटी चाचणी दिली. पात्रतेचा निकष तोच ठेवला. तरी गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण एकदम वाढलं. मुलं आधीपासून होतीच, कुणी पाहिलं नव्हतं. पुढे पैशांच्या टंचाईत ही सरसकट चाचणी बंद झाली आणि प्रमाण पुन्हा खाली आलं.

दोन शिक्षकी शाळेला हे कसं करता येईल? मानसतज्ज्ञ वापरतात त्या प्रमाणित चाचण्या (रेव्हनची रंगीत आकृत्यांची ३६ प्रश्नांची चाचणी त्यातली एक) शिक्षकानं इंटरनेटवरून उतरवून घेऊ नयेत. त्यांचे गुण वाचायला प्रशिक्षण लागतं, आणि मुलानं चाचणी एकदा पाहिली की पुढे खऱ्या तपासणीला ती निरुपयोगी होते. त्याऐवजी नवोदयची जुनी प्रश्नपत्रिका घ्या. पद्धत अशी:

पहिल्या दिवशी फळ्यावर दहाही प्रकारांची दोन-दोन उदाहरणं सगळ्या वर्गासमोर सोडवून दाखवा. हे टाळलं तर तुम्ही बुद्धी मोजत नाही, कुणाच्या घरी गाईड आहे ते मोजता. वेळ एक तास पुरतो. जिथं गरज असेल तिथं मुलांच्या बोलीत सांगणारं कुणीतरी, अंगणवाडी ताई नाहीतर वरच्या वर्गातलं मूल, सोबत ठेवा. दुसऱ्या दिवशी फक्त आकृत्यांचे ४० प्रश्न, ६० मिनिटं, चौथी-पाचवीतल्या झाडून सगळ्या मुलांना. उत्तरं प्रश्नपत्रिकेवरच गोल करू द्या. या वेळी ओएमआर (गोल रंगवायची वेगळी उत्तरपत्रिका) नको, नाहीतर गोल रंगवण्याच्या चुका बुद्धीच्या खात्यावर पडतात. गैरहजर मुलांची चाचणी त्याच आठवड्यात घ्या.

मग गुणांची यादी लावा आणि शेजारी तुमच्या मनातली, चाचणीआधी लिहून ठेवलेली, यादी ठेवा. दोन्हीत असलेली मुलं तुम्हाला माहीतच होती. चाचणीत वर आणि तुमच्या यादीत नाही अशी जी एक-दोन नावं निघतील, त्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. उलट बाजूही पाहा: तुमच्या यादीत असून चाचणीत खाली गेलेलं मूल यादीतून काढायचं नाही. चाचणी मूल आत घ्यायला वापरावी, बाहेर काढायला नव्हे. एका सकाळच्या चाळीस प्रश्नांत दोन-तीन गुणांचा फरक म्हणजे काहीच नसतं. पोटात दुखत असेल, रात्री घरात भांडण झालं असेल.

याचा आकडा कुणाला सांगू नका. ‘बुद्ध्यांक’ हा शब्द तर उच्चारूच नका, कारण तो बुद्ध्यांक नाहीच.

‘अ’ तुकडी म्हणजे काय नव्हे

माध्यमिक शाळांत गुणांवर तुकड्या पाडायची रीत जुनी आहे. ‘अ’ तुकडीला चांगले शिक्षक, ‘ड’ तुकडीला उरलेले. पण ‘अ’ तुकडीत पुस्तक तेच असतं, गती तीच असते, आणि दिवाळीच्या सुट्टीतला स्वाध्याय तिप्पट असतो. जास्त काम म्हणजे वरचं काम नव्हे. हे सांगावं लागतं याचंच आश्चर्य वाटतं, पण दहा गणितं झटकन केलेल्या मुलाला बक्षीस म्हणून आणखी वीस तसलीच गणितं देणारे शिक्षक प्रत्येक शाळेत आहेत. चाणाक्ष मूल हे दोनदा सोसतं. तिसऱ्यांदा ते हळू लिहायला शिकतं.

निवडून वेगळी शाळा काढणं हा दुसरा मार्ग. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ साली तिची प्रशाला उभी राहिली. बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचं मराठीतलं बरंच काम तिथून आलं आहे. राज्य सरकारची विद्यानिकेतनंही गुणवान ग्रामीण मुलांसाठीच निघाली. पण जिल्हा परिषदेच्या शाळेला निवड करताच येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमानं प्रवेशासाठी चाळणी लावायला मनाई आहे (नवोदयसारख्या शाळा कायद्यात वेगळ्या गटात धरल्या आहेत). तेव्हा जे करायचं ते त्याच वर्गात, त्याच छपराखाली. माझ्या मते तो तोटा नाही.

अवघड आधी

वर्गातल्या वर्गात करायची सगळ्यांत स्वस्त आणि उपयोगी गोष्ट: मुलाला जे येतं ते पुन्हा शिकवायचं थांबवणं. तंत्र जुनंच आहे, नाव द्यायचं तर ‘अवघड आधी’.

पाचवीला अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी सुरू करताय असं धरा. पहिल्या दिवशी १५ मिनिटं शिकवून झालं की सरावसंचातली सगळ्यांत अवघड पाच उदाहरणं फळ्यावर लिहा. सगळ्यांना सांगा: ज्याला हवं त्यानं आधी ही पाच सोडवावीत. १५ मिनिटांत चार बरोबर आली, पायऱ्या वाचता येतील अशा लिहिल्या, तर या सरावसंचातलं बाकी काही करायचं नाही. नाही आली तर काही बिघडलं नाही, नेहमीचा संच करायचा. कुणाला बोलावून घ्यायचं नाही, संधी सगळ्यांना. त्यामुळे ‘बाईंची लाडकी’ हा आरोप होत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या धड्याला एखादं अनपेक्षित मूल पुढे येतं.

मोकळ्या झालेल्या वेळेचं काय करायचं, हे आधी ठरवलेलं नसेल तर हे तंत्र दोन दिवसांत कोसळतं. मोकळं मूल म्हणजे गोंगाट. आणि शिक्षकाच्या हाताशी मूल मोकळं आहे म्हटलं की त्याला वर्गप्रमुख करणं, वह्या तपासायला देणं, कच्च्या मुलांना शिकवायला बसवणं हे ओघानं येतं. आठवड्यातून एखादा तास दुसऱ्याला समजावणं चांगलं. समजावताना आपलंही पक्कं होतं. पण रोज तेच असेल तर ते मूल बिनपगारी शिक्षणसेवक झालं.

त्याच धड्यावरचं, पण खोल जाणारं काम हवं. अपूर्णांकांसाठी हे घ्या:

१/२ + १/३ + १/६ = १. अंश १ असलेले, सगळे वेगवेगळे असे तीन अपूर्णांक मिळून १ होण्याचा आणखी एखादा मार्ग आहे का?

मूल दोन दिवस शोधेल आणि म्हणेल, सापडत नाही. तेव्हा विचारायचं: सापडत नाही की नाहीच? कसं सांगशील? इथं खरं गणित सुरू होतं. १/२ घेतलाच नाही तर सगळ्यांत मोठे तीन म्हणजे १/३, १/४, १/५. त्यांची बेरीज ४७/६०, एकापेक्षा कमी. म्हणजे १/२ हवाच. उरलेल्या दोघांनी १/२ करायचं; त्यात १/३ नसेल तर जास्तीत जास्त १/४ + १/५ = ९/२०, तेही कमी. म्हणजे १/३ हवा, आणि मग १/६ आपोआप. मार्ग एकच. हे ज्याला जमलं त्याला चार अपूर्णांकांचा प्रश्न द्या. तिथं बरोबर सहा मार्ग आहेत, आणि ते सगळे शोधायला पाचवीतल्या मुलाला आठवडा सहज लागतो. शिक्षकासाठी ते इथं, फक्त छेद: २-३-७-४२, २-३-८-२४, २-३-९-१८, २-३-१०-१५, २-४-५-२०, २-४-६-१२. मुलाला संख्या सहा आहे एवढंच सांगा. तेवढ्यानं ते चार सापडल्यावर थांबत नाही.

असा एक प्रश्न धड्याला पुरतो. वर्षभरासाठी बारा-पंधरा प्रश्न, प्रत्येक एका पुठ्ठ्यावर, मागे शिक्षकासाठी उत्तर, असा खोका एकदा तयार केला की तो दहा वर्षं चालतो. उत्तर शिक्षकाला आधी माहीत असणं गरजेचं आहे. ‘शोधून आण’ म्हणून मोबाइल हातात देणं हा समृद्ध अभ्यास नव्हे.

गणिताबाहेर एक उदाहरण. सरळ उभ्या कडांची प्लास्टिकची बाटली, वरचा निमुळता भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवलेला, तळाचा खडबडीत भाग खडे आणि पाणी घालून भरलेला आणि त्या पातळीला शून्याची खूण. झालं पर्जन्यमापक. जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठला नोंद. इथवर सगळा वर्ग करेल. पुढचा प्रश्न निवडक मुलांचा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शाळेचं छप्पर ६० चौरस मीटर, काल २० मिलिमीटर पडला, तर पन्हाळीतून १२०० लिटर यायला हवं होतं. टाकीत खरंच किती आलं? कमी का आलं? टाकी किती मोठी हवी होती? वाचनासाठी बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात; वर्गात कोपऱ्यातल्या दोरीवर छापील चार-पाच अंक टांगून ठेवले तरी काम होतं.

दोन शिक्षकी शाळेची छुपी सोय

६० पर्यंत पट असला की पहिली ते पाचवीला दोन शिक्षक. एका खोलीत दोन किंवा तीन इयत्ता. याला सगळे अडचण म्हणतात, आणि बऱ्याच बाबतीत ती आहेच. पण पुढे धावणाऱ्या मुलासाठी याहून सोयीची रचना नाही. तिसरीतली मुलगी चौथीच्या गणिताला बसू शकते, त्यासाठी तिला फक्त सतरंजी बदलावी लागते. कागदोपत्री इयत्ता तीच, हजेरी तीच, ऑनलाइन नोंदीला हात लावायचा नाही. वयानुरूप इयत्तेचा नियमही मोडत नाही. मोठ्या शाळेत यासाठी दोन वर्गांचं गणित एकाच तासिकेला ठेवावं लागतं. वेळापत्रक जूनमध्येच तसं लावलं तर जमतं, जुलैत मागितलं तर नाही.

पाठवण्याआधी तिची चालू इयत्तेची वर्षअखेरची संकलित चाचणी घ्या. ८५-९० टक्क्यांच्या पुढे असेल तर पाठवा; ७० असेल तर आधी कुठं अडलं ते भरून काढा. सहा आठवड्यांनी पुन्हा पाहा. एकच विषय हलवा, सगळे नव्हे. गणितात दोन वर्षं पुढे असलेलं मूल मराठी लेखनात वयाच्या बरोबरीचं असतं, आणि खेळात तर नक्कीच. फसतं ते पुढच्या जोडणीत: तिसरीत चौथीचं गणित केलं, चौथीत पाचवीचं, आणि पाचवीत नव्या बाई आल्या की पुन्हा पहिल्यापासून. हे वरच्या वर्षी कोण सांभाळणार, याचं उत्तर नसेल तर पुढच्या इयत्तेचं पुस्तक न उघडता त्याच इयत्तेत खोल जाणं बरं.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या मुलांवर चार परिच्छेद आहेत, ४.४३ ते ४.४६. त्यात शाळा, शाळासमूह आणि जिल्हा पातळीवर विषयमंडळं आणि प्रकल्पमंडळं काढा असं म्हटलंय. त्याची वाट पाहायची गरज नाही. आपल्याकडे एका केंद्रात, म्हणजे शेजारशेजारच्या शाळांच्या गटात, दहा-पंधरा शाळा असतात आणि प्रत्येकीत असं एखाद-दुसरं मूल. शिक्षक शिक्षण परिषदेला, म्हणजे केंद्राच्या बैठकीला, महिन्यातून एकदा केंद्रशाळेत जातातच. पालकांची लेखी संमती घेऊन त्या मुलाला मागे बसवून न्यायचं. पंधरा मुलं, एक खोली, एक शिक्षक आळीपाळीनं, दोन तास, त्या खोक्यातले दोन प्रश्न. आपल्याइतकं झटकन समजणारं दुसरं मूल त्यातल्या अनेकांना तिथं पहिल्यांदा भेटतं. आणि आपण हरतो, हेही.

ते हरणं महत्त्वाचं आहे. चौथीपर्यंत एकही गणित न चुकलेलं मूल आठवीत पहिल्यांदा अडतं तेव्हा त्याला अडल्यावर काय करायचं हे माहीतच नसतं. घरी-दारी ‘आमचा बंड्या हुशार’ ऐकलेलं मूल अवघड प्रश्न टाळायला लागतं, कारण चुकलं तर ती पदवी जाईल. अमेरिकेतल्या जोसेफ रेंझुली यांनी १९७८ साली प्रतिभेची तीन वर्तुळं मांडली: सरासरीपेक्षा वरची क्षमता, सर्जकता आणि कामाला चिकटून राहणं. पहिल्या वर्तुळासाठी आपण परीक्षा घेतो. तिसरं त्या सहा मार्गांच्या आठवड्यात तयार होतं.

परीक्षेचा सराव किती

सराव करावाच, टाळायचं कारण नाही. पण सहा ते आठ आठवडे पुरतात. त्यापुढे बुद्धिमत्तेच्या प्रश्नांचे ‘प्रकार’ पाठ होतात आणि अनोळखी प्रश्न आला की मूल गोंधळतं. तीन गोष्टी मात्र घोटून घ्या. ओएमआरवर प्रश्न सोडला की पुढचे सगळे गोल एक घर सरकतात. दर पाच प्रश्नांनी क्रमांक जुळवून पाहायची सवय लावा. ७२ सेकंदांत न सुटलेला प्रश्न सोडून पुढे जायचं. हुशार मुलांना हे सगळ्यांत जड जातं. आणि परीक्षाकेंद्र तालुक्याला असेल तर सकाळच्या एसटीची वेळ आदल्या दिवशी पक्की करा. चौथीची मुलं उपाशीपोटी पेपरला बसतात तेव्हा दुसरा पेपर वाया जातो, आणि बुद्धिमत्ता दुसऱ्याच पेपरात आहे. दोन पेपरांच्या मधल्या वेळेसाठी पोळीभाजीचा डबा न्या, वडापाव नको.

दाखल्याबरोबर

पाचवीनंतर नाहीतर आठवीनंतर मूल दुसऱ्या शाळेत जातं. शाळा सोडल्याचा दाखला, आधारची प्रत, गुणपत्रक एवढंच बरोबर जातं, आणि हायस्कूलच्या सव्वाशे मुलांत ते पुन्हा शून्यापासून सुरू होतं. एक पानाची चिठ्ठी लिहा: कोणत्या विषयात कोणत्या इयत्तेपर्यंत झालंय, कोणते प्रश्न आवडतात, कुठं अडतं, घरची भाषा कोणती, हंगामात गाव सोडतात का. एनएमएमएस असेल तर पोर्टलवरचा अर्ज क्रमांक आणि नूतनीकरण साधारण कोणत्या महिन्यात येतं ते ठळक लिहा. चिठ्ठी क्लार्ककडे न देता गणिताच्या शिक्षकाच्या हातात द्या, शक्यतो स्वतः जाऊन. आणि सोबत मुलाची गणिताची कच्ची वही द्या. पक्की नको. कच्च्या वहीतली खाडाखोड पाहिली की गणिताच्या शिक्षकाला बाकीचं सांगावं लागत नाही.